सोलापुरात घरच्या घरी जुनी फियाट दुरुस्त करून उभी करायची असेल तर

"दादा गाडी बघून ठेवलीय, आता पुढं काय करू" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला पाच-सहा जणांनी विचारला, त्यातले दोघं तर टोकन देऊनच आले होते. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी धंद्यानं मेकॅनिक नाही. जुळे सोलापुरात घराशेजारी पत्र्याची शेड मारून तिथं १९७० च्या दशकातली एक प्रीमियर पद्मिनी साडेतीन वर्षांत उभी केली, आता ती दर रविवारी रस्त्यावर असते, आणि त्या साडेतीन वर्षांत जे शिकलो ते सगळं मला दुसऱ्यांनी उभं राहून शिकवलंय. म्हणून सुरुवात गाडीपासून करत नाही.

आधी माणसं, मग गाडी

टोकन द्यायच्या आधी दोन महिने दुसऱ्या कोणाच्या तरी जुन्या गाडीवर हात काळे करा. सोलापुरात जुन्या गाड्यांचे शौकीन हाताच्या बोटावर मोजण्याइतके आहेत असं वाटतं पण तसं नाहीये, सुट्टीच्या सकाळी सात रस्ता, पार्क चौकाच्या बाजूला थोडं फिरलात तर एखादी जुनी फियाट, अँबॅसेडर नाहीतर जीप दिसतेच, थांबवा, नमस्कार करा, गाडीबद्दल विचारा. जुनी गाडी ठेवणारा माणूस तिच्याबद्दल बोलायला कधीच नाही म्हणत नाही. मग एखाद्या रविवारी त्यांच्याकडं जाऊन टॉर्च धरा, पाने (स्पॅनर) पुसून द्या, ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना पेडल मारायला बसा. दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हे काम आपल्याला झेपतंय का आणि आवडतंय का ते स्वतःचा पैसा न घालवता कळतं, आणि दुसरं, पुढं तुमचं इंजिन जाम होऊन बसलं की रात्री आठला फोन उचलणारं कोणीतरी असतं.

शौकिनांबरोबर कारागीर पण लागतात, आणि इथं आपलं सोलापूर नशीबवान आहे. चादरीचे, टॉवेलचे एवढे माग चालले या गावात, त्या मागांचे पार्ट घासून, वळवून, भरून देणारे लेथवाले तयार झाले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांमधे अजूनही असे अण्णा आहेत की ज्यांना झिजलेला बुश (दांड्याभोवती बसणारी नळीसारखी रिंग) नुसता हातात दिला की ते व्हर्नियरनं माप घेऊन "उद्या संध्याकाळी या" म्हणतात. माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवरच्या गिअरच्या लिंकेजचे सगळे बुश अशाच एका अण्णांनी पितळेत करून दिले, बाजारात ते मला सहा महिने सापडले नव्हते. असे तीन जण आधी गाठून ठेवा: लेथवाला, गॅस वेल्डिंगवर जुना पत्रा जोडू शकणारा डेंटर, आणि कार्बोरेटर-पॉइंटच्या जमान्यातला, म्हणजे पेट्रोल-हवा कार्बोरेटरमधे मिसळायची आणि ठिणगी पॉइंटनं पडायची त्या काळातला, एखादा साठी ओलांडलेला मिस्त्री.

मदत मागायची पण एक पद्धत आहे. "गाडी चालू होत नाही, काय करू" असं विचारू नका. काय बघितलं, काय करून झालं, प्लगला ठिणगी येतेय का, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतंय का, हे बघून आणि फोटो काढून मग विचारा, समोरच्याचा वेळ वाचतो आणि उत्तर पण नेमकं मिळतं. कारागिराला त्याची मजुरी पूर्ण द्या, तिथं घासाघीस नको. शौकीन मित्र पैसे घेत नाहीत, त्यांच्या गाडीचं काम निघालं की तुम्ही जायचं, एवढा एकच हिशोब.

कोणती गाडी घ्यावी

नवख्या माणसानं पहिली गाडी पद्मिनीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. १९३० सालची एखादी विलायती गाडी कितीही भुरळ घालत असली तरी पहिल्या फटक्यात तिच्या नादाला लागू नका, तिचा एक ब्रेक ड्रम शोधायला वर्ष जाईल. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, आपल्याकडं १९६४ पासून डिलाइट म्हणून बनायला लागली, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी नाव लागलं ते शेवटपर्यंत राहिलं. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं साधं इंजिन, सगळं हाताला येतं, बॉनेट उघडलं की काय कुठं आहे ते दिसतं. आणि सोलापूरकराला एक जास्तीचं कारण आहे. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ मधे ज्यांनी काढली ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ मधे जन्मले. माझ्या शेडमधे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो, सांगताना छाती भरून येते.

पार्ट अजून मिळतात. मुंबईत टॅक्सी म्हणून ही गाडी इतकी वर्षं पळाली, शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मधे रस्त्यावरून उतरली, त्यामुळं मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगारात बरंच काही सापडतं. फक्त नमुना सोबत घेऊन जा, नुसतं नाव सांगून आणलेला पार्ट निम्म्या वेळा बसत नाही.

पण गाडी मात्र मुंबईची घेऊ नका. कोकण, मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून खाल्लेला असतो. आपल्याकडं, उस्मानाबाद-लातूर पट्ट्यात, नाहीतर विजापूर-गुलबर्ग्याकडं हवा कोरडी, तिथं एखाद्या वाड्यात, शेतातल्या गोठ्यात धूळ खात पडलेली गाडी वरून कितीही भंगार दिसली तरी तिचा पत्रा बहुतेक वेळा मुंबईच्या चकाचक गाडीपेक्षा चांगला निघतो. हे महत्त्वाचं का, तर या गाडीला जीपसारखी वेगळी चेसी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही. बॉडी हीच चेसी. इंजिन खराब असलं तर नवं बोअर करता येतं, म्हणजे झिजलेले सिलेंडर आतून थोडे मोठे करून मोठे पिस्टन बसवता येतात, फ्लोअर आणि दरवाज्याखालचे पट्टे सडले असतील तर गाडीची ताकदच गेलेली असते.

बघायला जाताना एक चुंबक कापडात गुंडाळून न्या आणि बॉडीवर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं खाली पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणजे आपले पेंटर जिला लांबी म्हणतात ती. मग मॅटिंग उचलून फ्लोअर बघा, डिक्कीत स्टेपनीच्या खोबणीत बघा, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागं, दरवाज्यांच्या खालच्या कडेला, आणि जिथं जॅक लावतात त्या जागा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं हळू दाबा, मालकाला आधी विचारून. दरवाजा उघडून वर-खाली हलवा, बिजागिरी झिजली असेल तर ठीक, पण चारही दरवाजे नीट बसत नसतील तर बॉडी वाकलीय असं समजा आणि चहा पिऊन निघून या. क्रोमचे भाग, काचा, मीटर, हँडल, दिव्यांच्या काचा जाग्यावर आहेत का ते मोजा, कारण इंजिनाचे पार्ट मिळतात पण हे बारीकसारीक दागिने जमवायला जीव जातो.

कागद

इथं बरेच जण अडकलेत म्हणून थोडं थांबून सांगतो. आरसी बुक नसलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. मूळ आरसी हवी, त्यावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर पेन्सिलनं ठसा घेऊन जुळवून बघा. जुन्या काळी बँकेचं कर्ज असेल तर बोजा उतरवलेला आहे का ते बघा. मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर. दुसऱ्या जिल्ह्याची, राज्याची गाडी असली तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, मग एमएच-१३ ला, म्हणजे सोलापूर आरटीओत, नावावर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. किती वर्षांचं थकलंय ते व्यवहाराच्या आधी सोलापूरच्या आरटीओत विचारून या, कारण काही गाड्यांना गाडीच्या किमतीएवढा दंड आणि थकबाकी निघते.

जुलै २०२१ मधे केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. ऐकायला छान वाटतं, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमच्या गाडीची साधी नोंदणी जिवंत असेल आणि रविवारी घरच्यांना घेऊन अक्कलकोटला जायची इच्छा असेल तर तीच नोंदणी चालू ठेवा, असं मी सांगेन.

जागा आणि हत्यारं

गाडीच्या चारही बाजूंनी चार फूट मोकळे राहतील एवढी जागा, वर पत्रा आणि खाली सिमेंटचा कोबा. काळ्या मातीवर जॅक लावू नका, पाऊस पडला की ती बसते. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, मी मार्च ते जून सकाळी सहा ते नऊ एवढंच काम केलं, लोखंडाला हात लागला की भाजतो. पाने मिलिमीटरचे घ्या, फियाट इटलीची त्यामुळं नट-बोल्ट मेट्रिक आहेत. रिंग पाने, सॉकेट सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, टेस्ट बल्ब, टॉर्क रेंच (हा मित्राचा आणला तरी चालतो), आणि चार मजबूत घोड्या, म्हणजे उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवतात ते लोखंडी स्टँड.

घोड्यांबद्दल मी कडक आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, एका मिनिटासाठी पण नाही. माझ्या शेडमधे हा नियम मोडणाऱ्याला मी परत कामाला हात लावू देत नाही, मग तो किती का जवळचा असेना. आग विझवायचा छोटा सिलेंडर दारापाशी टांगलेला असू द्या, पेट्रोल उघडं ठेवायचं नाही.

खोलताना

सगळी गाडी एका आठवड्यात खोलून टाकायची खुमखुमी येते, ती आवरा. मी हीच चूक केली, पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत उत्साहात निम्मी गाडी खोलून ठेवली आणि पुढचे चार महिने कुठला बोल्ट कुठला हे शोधण्यात गेले. एक भाग घ्या, तो खोला, साफ करा, दुरुस्त करा, परत बसवा, मग दुसरा. प्रत्येक नट काढायच्या आधी फोटो, थोडा लांबून एक आणि जवळून एक. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, आमच्याकडं शेंगा चटणीच्या रिकाम्या बरण्या भरपूर, त्यावर मास्किंग टेप लावून "पुढचं डावं मडगार्ड, वरचे ४" असं लिहून ठेवलं. एक वही करा, तीत तारीख, काय काढलं, काय तुटलेलं सापडलं, किती खर्च झाला. आणि जुना पार्ट नवीन बसून गाडी पळेपर्यंत टाकून देऊ नका, सडलेला का असेना, लेथवाल्याला माप त्यावरूनच घ्यायचंय.

गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका. गंज सोडवायचा स्प्रे मारा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी आधी थोडा आवळायच्या दिशेला आणि मग सोडायच्या दिशेला, असा डुलवत काढा.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला आणल्या आणल्या बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही, ढकलून चालू करायचा तर विचारच नको. आत सिलेंडरला गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, जोर लावला की रिंग मोडते आणि सिलेंडरला ओरखडा पडतो. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, चार-पाच दिवस तसंच राहू द्या. मग हँडल असेल तर हँडलनं, नाहीतर क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढं खाली असलेल्या बेल्टच्या चाकाच्या) नटाला पाना लावून हळूहळू फिरवा, हातानं. नाही फिरलं तर परत ऑइल, परत थांबा. माझं इंजिन अकराव्या दिवशी सुटलं, मिस्त्री मामा रोज संध्याकाळी येऊन अर्धा इंच हलवून जायचे.

ऑइल काढून बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅसकेट गेलंय नाहीतर हेडला तडा. काळं असेल तर ठीक. नवीन ऑइल आणि फिल्टर टाका. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फनं इंजिन फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं हे कळतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधे किती दाब तयार होतो ते, मोजा. चारही सिलेंडरचे आकडे जवळपास सारखे आले तर इंजिन खोलू नका, कोणी काही म्हणो. एखाद्यात कमी आलं तर त्या भोकात एक चमचा ऑइल घालून परत मोजा: आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. या एका चमच्यानं मला पूर्ण इंजिनाचा खर्च वाचवला, फक्त हेड काढून व्हॉल्व्ह ग्राइंड करून भागलं. बोअर करायची वेळ आलीच तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक मशीन शॉपला द्या आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर करायला सांगा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत बसलेली माणसं मी बघितलीत. हेडचे बोल्ट आवळताना मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आणि एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत.

ठिणगीचं काम सोपं आहे आणि इथंच नवख्याला पहिला आनंद मिळतो. पॉइंट काढून घासा किंवा नवे टाका, पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, फिलर गेजनं. कंडेन्सर नवा टाका, डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) रोटर आणि कॅपला बारीक तडे बघा. फायरिंग ऑर्डर (सिलेंडरांत ठिणगी पडायचा क्रम) १-३-४-२, वायरी उलट-सुलट लागल्या तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडते आणि माणूस उगाच टायमिंगला (ठिणगी पडायच्या वेळेला) दोष देत बसतो.

पेट्रोलची टाकी खाली उतरवा. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, त्याला कुजकट वास येतो. टाकी धुवून वाळवून परत लावा, आणि गळत असेल तर ती कधीही साध्या वेल्डिंगवाल्याकडं तशीच देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. आताच्या पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही, पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फुगतो, पाइप मऊ पडतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, कार्बोरेटरचं किट नवं टाका, पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे टाकीतून किती गंज येतोय ते दिसतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

आता गरम होण्याचं. सोलापूरच्या ४०-४२ डिग्रीत जुनी गाडी गरम होणारच असं समजून आपल्याकडं सर्रास थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. मला हे पटत नाही. कंपनीनं ठरवल्याप्रमाणे सगळं साफ असेल तर ही गाडी आपल्या उन्हात चालते, गरम होते ती तुंबलेल्या रेडिएटरमुळं, झिजलेल्या वॉटर पंपामुळं, ढिल्या फॅन बेल्टमुळं, नाहीतर टायमिंग मागं राहिल्यामुळं. रेडिएटर काढून त्या मिस्त्रीकडं द्या जो दोन्ही टाक्या उघडून नळ्या साफ करतो, नुसतं पाणी मारून देणाऱ्याकडं नको. बोअरवेलचं क्षाराचं पाणी भरू नका, कूलंट भरा.

ब्रेक

गाडी पहिल्यांदा चालू झाली की सगळी गल्ली जमते आणि कोणीतरी म्हणतंच की एक चक्कर मारू या. ब्रेक झाल्याशिवाय गाडी शेडच्या बाहेर काढायची नाही. यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून इथं जुनं-पुराणं चालवून घ्यायचं नाही. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलतो तो), चारही चाकांच्या सिलेंडरांची किट, रबरी पाइप नवेच. सिलेंडरच्या आत बोटाला खड्डे लागले तर सिलेंडरच बदला. लोखंडी पाइप हातानं पुसत शेवटपर्यंत बघा, गंजानं फुगलेले काढून टाका. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) नवे, ड्रमला झिजून कडेला ओठ आला असेल तर लेथवर साफ. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या गाड्यांत मागचं डावं, आणि शेवट पुढच्या उजव्याला. एक जण पेडलवर, एक खाली, आणि दोघांनी मोठ्यानं बोलायचं, "दाबलं", "सोड". ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतो. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते बघा, मुख्य ब्रेक गेला तर तोच उरतो. टायर ५.२०-१४ मापाचे, शोधावे लागतात, पण नक्षी चांगली दिसते म्हणून पंधरा वर्षं जुने कडक टायर चालवू नका.

वायरिंगचं थोडक्यात: जुन्या वायरीवर टेप गुंडाळत बसू नका, पूर्ण हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) नवा करून घ्या, प्रत्येक लाइनला फ्यूज, आणि बॅटरीला एक कट-ऑफ स्विच. जुन्या वायरिंगनं जळालेली गाडी मी डोळ्यानं बघितलीय.

पत्रा आणि रंग

हे सगळं झाल्यावर, गाडी शेडभोवती पुढं-मागं चालायला लागल्यावर मग पत्र्याला हात. आधी रंग करून मग इंजिन काढलं की मडगार्डवर पाना पडतोच.

फ्लोअर कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आतून आडवे-तिरपे अँगल टाकून बॉडी बांधून घ्या, आणि दरवाजे जाग्यावर ठेवूनच खालच्या पट्ट्यांचं वेल्डिंग करा, दर थोड्या वेळानं दरवाजा लावून फट बघा. एक बाजू पूर्ण करा मग दुसरी, दोन्ही एकदम कापल्या तर गाडी मधून बसते आणि मग ती सरळ होत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडा, आतलं गाद्या-कापड बाहेर, पाण्याची बादली जवळ. आमचे डेंटर चाचा सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापल्याशिवाय नवा तुकडा लावतच नाहीत, वेळ लागतो, आणि तसंच पाहिजे, सडक्या पत्र्यावर ठिगळ मारलं तर दोन पावसाळ्यांत बाजूनं फुटतं. पुट्टी खड्डा भरायला नसते, घासायच्या रेघा बुजवायला असते, दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की चाचांच्या हातोडीकडं परत जायचं. दरवाज्याच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात ती पुट्टीनं, रंगानं बुजू देऊ नका.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर. घासायला ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून १८०, ३२०, ६०० अशा पायऱ्या, मधली गाळली तर रंगातून रेघा दिसतात. रंगाचा हंगाम आपल्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी, गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपासची हवा सगळ्यात चांगली. पावसाळ्यात दमट हवेत एनसी रंग (थिनर उडून वाळणारा जुना रंग) पांढरट पडतो, एप्रिल-मेमधे थिनर पत्र्यावर पोचायच्या आधीच उडतो आणि संत्र्याच्या सालीसारखं येतं, वर धूळ वेगळीच. दोन घटकांचा पीयू रंग घरी मारू नका, त्याचं हार्डनर फुप्फुसाला घातक, बूथ आणि नीट मास्क असलेल्या पेंटरकडंच द्या. रंग कंपनीच्या मूळ छटांपैकी घ्या. मूळ रंग बघायचा असेल तर डॅशबोर्डच्या मागं, नाहीतर डिक्कीच्या रबराखाली थोडा शिल्लक असतो.

गाद्या, छत, दरवाज्याची पॅनल ही कामं आपल्या गावात काही अवघड नाहीत, जुनी कव्हरं उसवून त्याचाच कागदी साचा करून शिवून घ्या. फक्त आधीच्या शिलाईच्या रेघा किती अंतरावर होत्या ते मोजून ठेवा, चमकदार आधुनिक रेक्झिन घातलं की आतून सगळी गाडी परकी दिसते.

पहिली फेरी

दसऱ्याला पूजा करून बाहेर काढायची असं बरेच जण ठरवतात, चांगलंच आहे, पण तारखेसाठी ब्रेकचं काम उरकू नका, पुढचा पाडवा आहेच. पहिले ५० किलोमीटर घराच्या आसपासच, परत आल्यावर प्रत्येक वेळी चाकाचे नट आवळा, ड्रमला हात लावून कुठलं चाक जास्त तापलंय बघा, खाली पुठ्ठा टाकून कुठलं तेल कुठून पडतंय ते बघा. इंजिन बोअर केलेलं असेल तर पहिले हजार किलोमीटर ताशी ५० च्या खाली, आणि ऑइल लवकर बदला.

मग अक्कलकोट, साधारण ४० किलोमीटर, सरळ रस्ता. तिथून नीट आलात की तुळजापूर, शेवटी घाट आहे, रेडिएटर आणि क्लच दोन्हीची परीक्षा तिथं होते. एकटं जाऊ नका, मागं एका मित्राची नवी गाडी असू द्या. डिक्कीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा सेट, दोन प्लग, फ्यूज, पेट्रोलचा फूटभर पाइप आणि क्लिपा, वायर, टेस्ट बल्ब, पाने, ब्रेक ऑइल, दहा लिटर पाणी. घाटात काटा वर चढायला लागला तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, आणि रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावू नका. तोपर्यंत घरून आणलेली भाकरी-चटणी खाऊन घ्या, पाणी आणि तेल बघा, वहीत किलोमीटर लिहा आणि मग वर जा.